हजच्या हिशेबात फुफूचा वाटा

गेल्या वर्षी अब्बांनी खेड तालुक्यातली आमची कलमांची जमीन विकली. दादांच्या हातची जुनी आंब्याची कलमं होती, माकडांनी आणि बुरशीने वैतागून शेवटी ती गेली. वीस लाख आले. त्याच संध्याकाळी मगरिबनंतर अब्बा ओटीवर बसले आणि म्हणाले, "आता माझ्यावर हज फर्ज झाला. फॉर्म कधी सुटतात बघ जरा."

मी पनवेलला एका अकाउंट्सच्या ऑफिसात काम करते. त्यामुळे घरातले पासपोर्ट, आधार, बँकेचे केवायसी सगळं माझ्याच गळ्यात असतं. अब्बांची फाइल काढली, पासपोर्ट शोधत होते. आत २००४ सालचं एक हक्कसोड पत्र सापडलं. दादा वारले त्या वर्षीचं. खाली तीन सह्या, माझ्या तिन्ही फुफूंच्या. मोठ्या फुफूचा तर अंगठाच होता. जमिनीतला आपला सगळा हक्क भावाच्या नावे सोडत आहोत, असं त्यात लिहिलं होतं. मोबदला : काही नाही.

मी अब्बांना विचारलं, "या वीस लाखांत तुमचे किती?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कागद परत फाइलीत ठेवला. तो प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांत तो विचारायचा राहिला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

सूरह आलि इमरानच्या ९७व्या आयतीत हज फर्ज केला आहे, पण सरसकट नाही. त्या घरापर्यंत पोहोचण्याची ज्याच्यात ताकद आहे, त्याच्यावर. या ताकदीलाच फिक्हच्या भाषेत इस्तिताअत म्हणतात. हदीसमध्ये त्याचा अर्थ विचारला गेला तेव्हा उत्तर आलं ते साधं : प्रवासाची शिदोरी आणि वाहन. पुढे फुकहांनी त्याचा बारीक हिशेब मांडला. राहतं घर, रोजच्या गरजेच्या वस्तू, कामाची अवजारं बाजूला काढायची. कर्ज वजा करायचं. आपण परत येईपर्यंत ज्यांचं पोट आपल्यावर आहे त्यांचा खर्च वजा करायचा. मग जे उरेल त्यात जाणं-येणं, राहणं, खाणं बसत असेल, तब्येत साथ देत असेल आणि वाट सुरक्षित असेल, तर हज फर्ज. उधारी मागून ऐपत तयार करणं कुणावरही बंधनकारक नाही. कुणी बक्षीस म्हणून पैसे देऊ केले तर ते घेतलेच पाहिजेत असंही नाही. आपल्या दीनने एखाद्या गरिबाला कुणाच्या उपकाराखाली जायला भाग पाडलेलं नाही, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

हज कमिटीतून जायचं तर आज माणशी साडेतीन-चार लाखांच्या घरात खर्च येतो. खासगी टूरवाल्यांकडे त्याहून बराच जास्त. भिवंडीतल्या लूमवर काम करणाऱ्या माणसाला हा आकडा आयुष्यभर गाठता येणार नाही आणि त्याच्यावर काहीही फर्ज राहिलेलं नाही. पण मोहल्ल्यात त्याला हे कुणी सांगत नाही. उलट साठीला आला की शेजारी विचारतात, "काय चाचा, बुलावा नाही आला अजून?" बुलावा हा शब्द किती गोड आणि किती दुखावणारा आहे! ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला जणू अल्लाहनेच बोलावलं नाही. मग हा चाचा बायकोचे दागिने गहाण ठेवतो, पोराच्या नावावर पर्सनल लोन काढतो. हल्ली तर हप्त्यावर उमरा करा, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. म्हणजे जे फर्जच नाही त्यासाठी व्याजाचा हप्ता.

हे काही आजचं नाही. मुंबई बंदरातून हाजींची जहाजं सुटायची त्या काळात, एकोणिसाव्या शतकात, जेमतेम जाण्यापुरते पैसे घेऊन निघालेले शेकडो लोक परतीच्या तिकिटाविना जेद्दात अडकून पडत. इंग्रज सरकारच्या कागदांत त्यांच्यासाठी भिकारी यात्रेकरू या अर्थाचा एक तुच्छ शब्दच होता. १८८६ मध्ये सरकारने या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवून पाहिली, ती काही वर्षांतच बारगळली. पुढे १९२५ च्या कायद्याने परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली. सरकारचा हेतू काही दीनी नव्हता, त्यांना साथीचे रोग आणि खर्च दिसत होता. आणि त्या गरीब लोकांच्या तडफेला मी कमी लेखत नाही. गरिबाने कसाबसा पोहोचून हज केला तर त्याचा फर्ज अदा होतो, यावर फुकहांचं एकमत आहे. पण त्याने जायलाच हवं होतं, असं दीनने म्हटलं नव्हतं.

या गोष्टीची किंमत जूनच्या २०२४ मध्ये सगळ्यांना दिसली. मक्केत पारा ५० अंशांच्या पुढे गेला होता. सौदी सरकारच्या आकड्यांप्रमाणे १,३०१ लोक मरण पावले आणि त्यांतले ८३ टक्के अधिकृत परवान्याविना आलेले होते. परवाना नाही म्हणजे बस नाही, थंड तंबू नाही, उन्हात मैलोनमैल पायपीट. त्यांत इजिप्तचे लोक फार होते. अधिकृत हजचा खर्च झेपत नाही म्हणून व्हिजिट व्हिसावर, एजंटला पैसे देऊन आलेले. नंतर इजिप्त सरकारने १६ टूर कंपन्यांचे परवाने रद्द केले. त्या एजंटांना शिक्षा व्हायलाच हवी. पण मला सारखं वाटतं, गावातल्या एखाद्या इमामाने त्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवून सांगितलं असतं की बाबा, तुझ्यावर हज फर्जच नाही, तू इथेच नमाज पढ, तुझं काही बाकी नाही, तर?

आपल्याकडे या आयतीची चर्चा सर्वांत जोरात झाली ती कोर्टामुळे. मे २०१२ मध्ये न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने हजचं अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं आणि निकालात हीच आयत दिली. तो पैसा समाजाच्या शिक्षणावर लावला तर जास्त कामी येईल, असंही म्हटलं. २०१८ मध्ये सरकारने अनुदान बंद केलं. तेव्हा आपण सगळे म्हणत होतो : बरं झालं, ते अनुदान तसंही विमान कंपनीच्या खिशात जात होतं, ज्याची ऐपत असेल तो जाईल. आपण बोललो खरं. पण ऐपत म्हणजे काय, हे आपल्या घरात बसून कितीजणांनी मोजलं?

मलेशियात ते मोजलं गेलं. तिथलेही शेतकरी हजसाठी जमीन आणि गुरं विकायचे आणि परत आल्यावर कंगाल व्हायचे. १९५९ मध्ये उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञाने त्यावर एक योजना मांडली : लोकांनी थोडे थोडे पैसे साठवावेत, संस्थेने ते व्याजाविना गुंतवावेत. १९६३ पासून ते काम सुरू झालं, आज त्याला तबुंग हाजी म्हणतात. तिची कारभारातली दुखणीही आहेत, २०१८ मध्ये सरकारला हात द्यावा लागला. तरी मूळ विचार मला आवडतो. आपल्याकडे बायका भिशी लावतात. पंचवीस वर्षांच्या मुलीने पहिल्या पगारापासून महिना तीन हजार हजच्या नावाने बाजूला टाकले तर दहा-बारा वर्षांत, कुणापुढे हात न पसरता, ती निघू शकते.

इथे माझ्या वयाच्या वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हज म्हातारपणाचं काम आहे, हा आपला समज कुठून आला कुणास ठाऊक. आयटीत साठ-सत्तर हजार कमावणारा, घरची जबाबदारी नसलेला सत्तावीस वर्षांचा मुलगा तीन वर्षांत ऐपतीला पोहोचतो. तो नवी बाइक घेतो, थायलंडला जातो आणि हजचं विचारलं की म्हणतो, "आता कुठे, रिटायर झाल्यावर." कोकणातले आपण बहुतेक शाफई. आपल्या मसलकात हज तातडीने करायलाच हवा असं नाही. इमाम शाफईंची दलील अशी की हज फर्ज झाल्यावरही रसूलुल्लाह ﷺ यांनी तो हिजरी १० मध्ये केला. करण्याचा पक्का इरादा असेल तर पुढे ढकलता येतो. घाटावरच्या हनफी भावाबहिणींच्या मसलकात मात्र इमाम अबू यूसुफ यांच्या मताप्रमाणे ऐपत आली त्याच वर्षी निघायचं, विनाकारण उशीर केला तर गुनाह. पण सवलत घेणाऱ्या शाफईंनी त्याचं दुसरं टोकही लक्षात ठेवावं : ऐपत आल्यावर हज न करता माणूस गेला, तर आपल्या मसलकात वारसांची वाटणी होण्याआधी त्याच्या मालमत्तेतून हजचा खर्च काढावा लागतो, वसीयत असो वा नसो. हनफींकडे वसीयत असेल तर, आणि तेही एक-तृतीयांशातून.

"आधी मुलींची लग्नं उरकू, मग हज" हे तर आपल्याकडे जणू सहावं रुक्न झालंय. स्वतःचा निकाह व्हायचा आहे आणि हरामात पडण्याची भीती आहे, तर निकाह आधी, असं फुकहांनी म्हटलं आहे. मुलीच्या लग्नाचा हॉल आणि सहाशे माणसांची बिर्याणी ही मूलभूत गरज आहे, असं कुठल्याही इमामाने म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. धंद्याचं भांडवल मोडायचं की नाही, यावर मात्र खरा मतभेद आहे. शाफईंच्या प्रबळ मताप्रमाणे व्यापाराचं भांडवलही हजसाठी खर्चावं लागतं, हनफी पोटापुरतं भांडवल शिल्लक ठेवायला सांगतात. तुमचं दुकान असेल तर आपल्या आलिमना जरूर विचारा, गुगलला नको.

आता पुन्हा त्या हक्कसोड पत्राकडे येते. कारण ऐपतीच्या हिशेबात पहिली ओळ असते : पैसा कुणाचा?

दादी दादांच्या आधी गेल्या होत्या. दादांच्या मागे एक मुलगा आणि तीन मुली. सूरह निसाचा हिशेब शाळेतल्या मुलालाही येईल. मुलाला दोन हिस्से, प्रत्येक मुलीला एक. एकूण पाच. वीस लाखांचे अब्बांकडे आठ, प्रत्येक फुफूला चार. अब्बा ज्या वीस लाखांवर हज फर्ज झाला म्हणत होते, त्यांतले बारा लाख त्यांचे नव्हतेच.

अब्बांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ते वाईट माणूस नाहीत आणि हेच उत्तर तुम्हाला तुमच्या घरात मिळेल. "त्यांनी खुशीने सोडलं. मी कुणावर जबरदस्ती केली नाही. तिघींच्या लग्नाला दादांनी खर्च केला. ईदला मी साडी पाठवतो. बाळंतपणं इथेच झाली." सगळं खरं. पण लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे. दादा जिवंत होते तोवर वारसा असा काही नव्हताच. आणि खुशी? तेव्हा काय घडलं ते धाकट्या फुफूने मला नंतर सांगितलं. चाळिसाव्याला सगळे जमले होते. तलाठ्याकडे वारस नोंद करायची होती. कुणीतरी वडीलधाऱ्याने म्हटलं, "पोरींनो, माहेर हवं की जमीन?" मग कागद पुढे आला. ती म्हणाली, "मला पेन कुणी दिलं तेही आठवत नाही."

शाफई फुकहांकडे एक प्रसिद्ध तत्त्व आहे : लाजेपोटी दिलेलं घेणं हे बळजबरीने घेण्यासारखंच. कोर्टात ते हक्कसोड पत्र टिकेल, त्यात शंका नाही. सातबाऱ्यावरची फेरफार नोंदही कायद्याने बरोबर आहे. पण हजला जाणारा माणूस तलाठ्यासमोर उभा राहायला जात नसतो. बहिणीची खुशी तिचा हिस्सा तिच्या हातात ठेवल्यावर कळते. तेव्हाही तिने परत केला, तर तो तिचा मोठेपणा.

अशा पैशातून हज केला तर काय? बहुतेक इमामांच्या मते डोक्यावरचा फर्ज उतरतो, पण गुनाह राहतो. इमाम अहमद बिन हंबल यांचं प्रसिद्ध मत त्याहून कडक आहे, ते म्हणतात की उतरतच नाही. मला हा वाद जिंकायचा नाही. मला इतकंच दिसतं की निघण्याआधी आपले हाजी घरोघरी जातात, कहा-सुना माफ करा म्हणतात, गळाभेटी होतात, हार पडतात. मी लहानपणापासून हे दृश्य पाहत आले. कहा-सुना माफ होतं हो. दिलं-घेतलं कुणी काढत नाही. बायकोचा मेहर लग्नापासून उधार आहे, हे त्या गळाभेटीत कुणाला आठवत नाही. कारखान्यातल्या पोराचा दोन महिन्यांचा पगार थकवून तिसरा उमरा करणारे शेठ मी ऑफिसच्या हिशेबात पाहिले आहेत. त्यांच्या खात्यात उमऱ्याचं तिकीट आणि थकलेला पगार एकाच पानावर असतात.

आमच्या मशिदीच्या मौलानांकडे मी आणि अम्मी गेलो. (अम्मीचा हज २०१९ मध्ये मामूंसोबत झालाय, त्यामुळे तिला या प्रकरणात कसला लोभ नव्हता. निदान ती तसं म्हणत होती.) मौलानांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यात न आलेली एक गोष्ट विचारली. "या बहिणींचं काय? त्यांच्या हाती वेळेवर हिस्सा आला असता, तर त्यांच्यावर हज फर्ज झाला असता की नाही?"

मी गप्प झाले. मोठी फुफू २०१७ मध्ये गेली. मुंब्र्याला दोन खोल्यांत, शिवणाची मशीन चालवून. तिला काबेची फार ओढ होती. मोबाइलवर हरमचं थेट प्रक्षेपण लावून कापड कापत बसायची. सगळे म्हणायचे, बिचारीचा बुलावा नाही आला. तिच्या हिश्श्याच्या जमिनीवर तेव्हा आमचे आंबे पिकत होते. दर मेमध्ये आम्ही तिला दोन पेट्या पाठवायचो आणि ती फोनवर अब्बांना दुआ द्यायची.

मौलाना म्हणाले, जो माल हातात आलाच नाही त्यावर ऐपत ठरत नाही, त्यांच्यावर काही बाकी नाही. बाकी ज्याच्याकडे आहे, त्याला विचारलं जाईल. हे त्यांनी अब्बांना स्वतः सांगितलं, जुम्यानंतर, मशिदीच्या पायरीवर. माझं ऐकलं नसतं. हेही लिहून ठेवते, कारण मुलीने घरात हा प्रश्न काढला की तो "बाहेरच्या शिक्षणाचा परिणाम" ठरतो. घरात बोलणं बंद होतं, नाश्ता वेगळा होतो. माझ्याशी अब्बा अडीच आठवडे बोलले नाहीत. माझाही एक भाऊ आहे. त्याने त्या दिवसांत एकदाच विचारलं, "म्हणजे उद्या तू पण मागणार?" मी हो म्हटलं.

मग अब्बांनी पैसे वाटले. कसं, ते सांगते, कारण ते वाटतं तितकं सरळ नव्हतं. मोठ्या फुफूचे चार लाख तिच्या मुलांकडे गेले. त्यांना या कागदाची माहितीच नव्हती, धाकट्याने आधी विचारलं की काही सही करायची आहे का. मधल्या फुफूने घ्यायला नकार दिला. अब्बांनी आग्रहाने तिच्या खात्यात टाकले, तिने त्यातले एक लाख ठेवून बाकी परत पाठवले. म्हणाली, आता खुशीने. धाकट्या फुफूने सगळे चार लाख घेतले आणि अब्बांना थोडं लागलं. त्यांना वाटलं होतं तीही परत करेल. माणसाचं मन असंच असतं, हिस्सा देतानाही ते परतीची वाट पाहतं.

अब्बांच्या हाती त्यांचे आठ आणि मधल्या फुफूचे परत आलेले तीन असे अकरा राहिले. सोसायटीचं कर्ज अडीच लाख फेडलं. दादांच्या वेळचं गावातल्या एका दुकानदाराचं सतरा हजारांचं देणं होतं, ते त्याच्या मुलाला शोधून दिलं. त्याने ते घेताना चहा पाजला. उरलेल्यात एकाचा हज आणि घरचा खर्च आरामात बसत होता.

फॉर्म सुटायच्या आठवड्यात धाकट्या फुफूचा फोन आला. अब्बांना नाही, मला. "बेटा, माझ्याकडे आता चार लाख आहेत. घरात देणं काही नाही. पोरं कमावतात. माझ्यावर झाला ना फर्ज?" मी म्हटलं, मौलानांना विचारते, पण वाटतं तर झालाय. मग ती जरा थांबून म्हणाली, "मेहराम म्हणून भाऊ चालतो ना?"

अब्बांना सांगितलं तेव्हा ते ओटीवर सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच हातात राहिला. मग म्हणाले, "तिचा पासपोर्ट आहे का? नसेल तर आजच तात्काळमध्ये टाक."

हज कमिटीच्या फॉर्मवर एका कव्हरमध्ये दोघांची नावं भरली. खाली नातं लिहायच्या रकान्यात भाऊ-बहीण. कुर्ऱ्यात नाव लागलं नाही, वेटिंग लिस्टवर आहेत. रोज इशानंतर फुफू मला विचारते, आज नंबर किती पुढे सरकला.